काटसुरीची नोंद

९ जानेवारी

ताई,

वर ‘तीर्थरूप’ लिहायचं मनात नाही आणि खोटं लिहायची मला सवय नाही. तेव्हा नुसतं ताई.

गेल्या महिन्यात तुमच्याकडे ‘काटसुरी’ नावाची एक नोंद आली होती, विश्वकोशाच्या घरगुती वस्तूंच्या खंडाच्या नव्या आवृत्तीसाठी. पाठवणारीचं नाव तुम्हाला अनोळखी वाटलं असेल. ते माझं माहेरचं नाव. आमच्या लग्नात तुम्ही ते एकदा ऐकलंत आणि लगेच विसरलात. ती नोंद माझी होती. तुम्ही ती परत पाठवलीत, सोबत तीन ओळी: ‘सुरीवर स्वतंत्र नोंद आहे. काट्यावर स्वतंत्र नोंद आहे. दोन वस्तू एकमेकींना जोडल्याने तिसरी वस्तू होत नाही, सबब नोंद स्वीकारता येत नाही.’

सबब. हा शब्द मी कोर्टात रोज टाइप करते. ‘सबब अर्ज फेटाळण्यात येतो.’ नोकरीत केस पिकले, पण तो समोरच्याला कुठे जाऊन लागतो हे मला आत्ता कळलं.

तुमचा खंड आमच्या घरी आहे. या आठवड्यात मी तो चाळला. टोपी अडकवायच्या खुंटीला तुम्ही दीड पान दिलंय. पेल्याखाली ठेवायच्या चकतीला अर्धं पान आणि वर चित्र. बुटात टाच सरकवायची पट्टी असते, तिचा इतिहास, प्रकार, उपयोग, सगळं साग्रसंगीत. त्या पट्टीवाचून कुणी उपाशी राहिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

काटसुरी ही एकच वस्तू आहे, ताई. पातं सरळ नसतं, चंद्रकोरीसारखं वाकलेलं असतं, आणि टोकाला तीन दाते. पातं पदार्थावर टेकवायचं आणि मनगटाने झुलवायचं, पाळणा झुलतो तसं. पदार्थ आपोआप कापला जातो, दुसऱ्या हाताने धरावा लागत नाही. मग दात्यांनी तुकडा उचलायचा आणि खायचा. सुरी आणि काटा शेजारी ठेवलेत तर त्यांना दोन हात लागतात. हिला एक पुरतो. दोन वस्तू जोडून तिसरी होत नाही म्हणता, मग कात्री काय आहे? दोन सुऱ्याच ना? तिला तुम्ही दोन पानं दिलीत.

बाकी इकडे सगळं ठीक. तुमचे भाऊ मजेत आहेत. हे पत्र मी लिहितेय हे त्यांना माहीत नाही आणि कळवायची गरजही नाही. उत्तर कोर्टाच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची भावजय


२७ जानेवारी

ताई,

तुमचं पत्र मिळालं. ‘तू लिहिलंयस हे माहीत असतं तर फोन केला असता.’ म्हणजे परक्या बाईला सबब आणि भावजयीला फोन. बरं.

तुम्ही म्हणता, असा शब्द कुठल्याच कोशात नाही, त्याला छापील आधार नाही. शब्द नाही कारण वस्तू कुणाला माहीत नाही. वस्तू माहीत नाही कारण नोंद नाही. आणि नोंद नाही कारण शब्द नाही. असल्या फेऱ्यात अडकून आमच्या कोर्टात माणसं म्हातारी होतात.

पुढे म्हणता, ‘सर्वसामान्य वाचकाला या नोंदीचा उपयोग नाही.’ सर्वसामान्य वाचक म्हणजे दोन हातांचा, हे कधी ठरलं? तुमचे भाऊ चाळिशीपर्यंत सर्वसामान्य वाचकच होते. मग एके दिवशी सकाळी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्रघरात दुरुस्ती करताना, त्यांचा डावा हात दोरखंडाच्या चाकात गेला, आणि दुपारच्या आत तुमचा एक सर्वसामान्य वाचक कमी झाला.

दवाखान्यातून सोडताना आम्हाला गोळ्यांची चिठ्ठी दिली. जखम कशी धुवायची ते सांगितलं. सदऱ्याची बाही कशी दुमडायची तेसुद्धा एका परिचारिकेने दाखवलं. जेवायचं कसं हे कुणी सांगितलं नाही. सगळे धरून चालले की घरी बायको आहे.

बायको होतीच. मी ओट्याशी पाठ करून उभी राहायची आणि सगळं बारीक कापून मग ताट पुढे ठेवायची. ते ‘वा’ म्हणायचे. रोज. साध्या पाव-लोण्यालासुद्धा ‘वा’. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अपघाताआधी माझ्या स्वयंपाकाला ते कधी ‘वा’ म्हणाले नव्हते, यावरून काय ते ओळखा.

मग एकदा जुन्या बाजारात, चादर पसरून कुलपं आणि चमचे विकणाऱ्या म्हातारीकडे मला ती दिसली. मी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, “कापायचं काहीतरी असेल, बाई. मुठीत छान बसतंय बघा.” मला वाटलं पुठ्ठे कापायला होईल. घरी आणून टेबलावर ठेवली. ह्यांनी उचलली, उलटीपालटी केली, अंगठा पात्यावरून फिरवला, आणि मला म्हणाले, “जरा बाहेर जातेस?”

मी बाहेर गेले. पण आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला काच आहे.

त्यांनी उकडलेला बटाटा ताटात घेतला आणि पातं त्याच्यावर टेकवून झुलवलं. बटाट्याचे दोन भाग झाले. मग चार. मग कापतच राहिले, पार चुरा होईपर्यंत. तो सगळा चुरा त्यांनी खाल्ला आणि दुसरा बटाटा घेतला. मला कुणी आत बोलावलं नाही, ताई, आणि मला फार बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी तुमचा खंड काढला. या वस्तूला म्हणतात तरी काय ते बघावं म्हणून. पानंच्या पानं उलटली. नव्हतीच. शेवटी बारसं आम्हीच केलं.

आता तुमचा शेवटचा परिच्छेद. तो वाचून मी टाइपरायटरपाशी बसले होते तिथून उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. ‘बाळ्या अजून रागावलाय का? मी असं काय मोठं केलं होतं? घास भरवला, एवढंच ना?’

काय केलंत ते सांगते. तुमच्या मुलीच्या लग्नाचं जेवण होतं. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंनी पाहुणे, नवऱ्या मुलाकडचे समोर. तुम्ही लगबगीने येऊन ह्यांच्या शेजारी बसलात. ह्यांचं ताट स्वतःकडे ओढलंत. मटणाचे लहान लहान तुकडे केलेत, लेकरासाठी करतात तसे, आणि पहिला तुकडा ह्यांच्या तोंडाशी नेलात. समोरची एक बाई म्हणाली, “किती माया आहे हो बहिणीची.” सगळे बघत होते. ह्यांनी तोंड उघडलं, घास घेतला, चावला, गिळला. मग ‘हात धुऊन येतो’ म्हणून उठले. आम्ही तिथून चालत घरी आलो. आणि चार दिवसांनी आमच्या कानावर आलं की तुम्ही नात्यात सांगत सुटलात, भाऊ कृतघ्न निघाला, लग्नातून न सांगता उठून गेला.

एवढंच केलंत.

भावजय


१६ फेब्रुवारी

ताई,

कोर्टाच्या पत्त्यावर पाठवा असं मी स्वच्छ लिहिलं होतं. तुम्ही घरी पाठवलंत.

पाकीट ह्यांनीच घेतलं पोस्टमनकडून. मी घरी आले तेव्हा ते दारासमोरच्या खुर्चीत बसले होते आणि पाकीट मांडीवर.

“तायडीचं अक्षर आहे,” ते म्हणाले. “तुझ्या नावाने कसं?”

मग सगळं सांगावं लागलं. मी लिहिलेली नोंदही त्यांनी मागून घेतली आणि सावकाश वाचली.

“म्हणजे तू माझा हात छापायला पाठवलास,” ते म्हणाले.

“हात नाही. वस्तू.”

“वस्तू कुणाच्या हातात असते?”

त्यांनी काटसुरी ओट्याच्या खणात टाकली, खण पायाने बंद केला आणि त्या दिवसापासून नुसतं चमच्याने खाता येईल असं पातळ काहीतरी मागायला लागले. आमच्याकडे संप होता म्हणा ना. मी एक-दोनदा कापून देऊ का विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

आणि आता ह्यांना सगळं कळलंच आहे तर तुम्हालाही हे कळू दे. पहिल्या पत्रात मी ‘मजेत’ लिहिलं होतं. ते तितकंसं खरं नाही. ते त्याच कंपनीत आहेत, पण गच्चीवर नाहीत. खाली फोनवर बसून लोकांच्या लिफ्टच्या तक्रारी लिहून घेतात. दुपारी सगळे डबे उघडतात तेव्हा हे ‘भूक नाही’ म्हणतात. तुमच्या घरच्या लग्नापासून तुमच्या भावाने घराबाहेर एक घास खाल्लेला नाही. काटसुरी नंतर मिळाली, तीही घरापुरती. चारचौघांत खिशातून काढायची त्यांची तयारी नाही. कुणाचं लग्न नाही, कुणाची पार्टी नाही, प्रवास नाही. माणसं आता बोलवायचीही बंद झालीत. मी हे कुणाला सांगत नव्हते. तुम्हाला तर मुळीच सांगणार नव्हते.

संप आपोआप मिटला. परवा जेवताना ते अचानक म्हणाले, “तिने काय लिहिलंय म्हणालीस? दोन वस्तू जोडून तिसरी होत नाही?”

“हो.”

“मग लिफ्ट काय आहे? खोली आणि दोरी.”

असं म्हणून त्यांनी खण उघडला. मी तोंड फिरवून हसले.

तुम्ही लिहिलंय की आता हे घरचं प्रकरण झालं, उद्या लोक म्हणतील संपादकबाईंनी भावासाठी नोंद घुसवली, म्हणून तुम्ही एकटीने निर्णय न घेता विषय मंडळासमोर ठेवणार, आणि मला तिथे बोलायची परवानगी देणार. परवानगी. उपकार झाले. परकी होते तेव्हा तुम्ही एकटीने फेटाळू शकत होतात. घरची निघाले तर स्वीकारायला मात्र मंडळ लागतं.

पण येईन. हे बरोबर येतील, इमारतीच्या दारापर्यंत. वर येणार नाहीत. सभेत जेवण असतं असं त्यांनी कुठून तरी ऐकलंय.

भावजय


१२ मार्च

ताई,

काल घरी आल्यापासून मी कुणाशी धड बोललेली नाही. राग कुणाचा जास्त आलाय हे ठरत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझा स्वतःचा. उभी हयात मी वकिलांची भाषणं टाइप केली. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं पाठ. आणि काल तुमच्या त्या लांब टेबलाशी उभी राहिले तर पाठ होतं ते सगळं उडालं. कात्रीचा मुद्दा विसरले. दवाखान्याचा मुद्दा अर्धा बोलले. काटसुरी पिशवीतून काढताना ती रुमालात अडकली, आणि तुमचे ते धातूंचे प्राध्यापक घड्याळाकडे बघत बसले.

आता त्यांचा. “पेन्सिलीच्या मागच्या टोकाला रबर असतं, उद्या त्यालाही नोंद द्या.” आणि वर, “बाईंच्या भावना समजतात, पण विश्वकोश भावनांवर चालत नाही.” मी भावना हा शब्द उच्चारला तरी होता का? मी पात्याचा बाक सांगत होते. बाई बोलली की भावना आणि हे बोलले की विद्वत्ता. त्यांनी काटसुरी हातात घेतली ती दोन बोटांनी, मेलेला उंदीर धरावा तशी, आणि शेजाऱ्याकडे सरकवली.

मला वाटलं, संपलं. पिशवी आवरायला लागले. तेवढ्यात तुम्ही उठलात.

तुम्ही अध्यक्षांची खुर्ची त्या वयस्कर सभासदाला दिलीत, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आलात आणि उभ्या राहिलात. मला वाटलं आता माझी समजूत घालून मला बाहेर नेणार. तुम्ही जे बोललात ते मी सवयीने मनातल्या मनात टाइप केलं. म्हणून शब्दन्‌शब्द सांगू शकते.

“मी या खंडाची संपादक आहे. माझ्या मुलीच्या लग्नात मी माझ्या भावाच्या ताटातलं जेवण कापलं आणि सगळ्यांदेखत त्याला घास भरवला. तो उठून गेला. मी त्याला कृतघ्न म्हटलं, चार घरी जाऊन म्हटलं. अशी वस्तू जगात आहे हे मला माहीत नव्हतं. वस्तूंची माहिती असणं हीच माझी नोकरी, आणि मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी ती त्याच्या ताटाशेजारी ठेवली असती आणि गप्प बसले असते. सर्वसामान्य वाचकाला या नोंदीचा उपयोग काय, असं मीच या बाईंना लिहिलं. उपयोग मला होता. मला दोन्ही हात आहेत.”

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मग मतदान. तीन बाजूने, तीन विरुद्ध. आणि बरोबरी झाली तर नोंद पडते हा तुमचा नियम. त्या वयस्कर गृहस्थांनी तुमच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. एक हात वर करायचा होता, ताई. तुम्ही म्हणालात, “मी आत्ता साक्ष दिली. साक्षीदाराला मत नसतं.”

नोंद पडली.

कोर्टातली बाई म्हणून सांगते, तुमचं बरोबर होतं. साक्षीदार न्यायाधीश होऊ शकत नाही. भावजय म्हणून सांगते, त्या क्षणी मला तुमचा हात धरून वर करावासा वाटला. तुमच्या सचोटीचं काय लोणचं घालायचं? जिथे चार घरी बोलायला नको होतं तिथे सगळं बोललात आणि जिथे नुसता हात हलवायचा तिथे घडी घालून बसलात.

खाली हे रखवालदाराशेजारी बाकावर बसले होते आणि तुमच्या लिफ्टचा आवाज ऐकून त्याला काहीतरी समजावत होते. मी म्हटलं, पडली. ते म्हणाले, “वाटलंच होतं.” मग मी तुम्ही काय बोललात ते सांगितलं, होतं तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

“तायडी बोलली हे?”

“हो.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. उभी राहून.”

मग पुन्हा, “कृतघ्न म्हटलं, हेही बोलली?”

“तेही.”

त्यांनी सदऱ्याची रिकामी बाही नीट केली, नीटच होती तरी. मी म्हटलं थांबू या, ताई खाली येतील. ते म्हणाले, “आत्ता नको. आत्ता भेटलो तर ती रडणार, आणि मग तिला गप्प करत मलाच बसावं लागणार.” म्हणून आम्ही निघालो. तुम्ही धावत खाली आलात आणि आम्हाला विचारत फाटकापर्यंत गेलात हे आज त्या रखवालदाराने ह्यांना फोन करून सांगितलं. लिफ्टची तक्रार नोंदवायला केला होता फोन. तुमची लिफ्ट खरंच नादुरुस्त आहे, जिना वापरा.

भावजय


२ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र आणि सोबतचा छापील कागद मिळाला. नोंद नाही तर नाही, पण सुरीच्या नोंदीत तुम्ही एक ओळ घालून घेतलीत: ‘काटसुरी: एका हाताने वापरावयाचा सुरीचा एक प्रकार.’

सुरीचा प्रकार? आणि काटा कुठे गेला? दाते काय शोभेला आहेत? मी पुढच्या आवृत्तीसाठी पुन्हा अर्ज करणार आहे, आणि त्यानंतरच्याही. त्या प्राध्यापकांना सांगून ठेवा. मधल्या काळात आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. ज्या परिचारिकेने बाही दुमडायला शिकवलं होतं तिने काटसुरी हातात घेतली आणि दुसरा हात मुद्दाम पाठीमागे धरून एक सफरचंद कापून पाहिलं. मग म्हणाली, “अशी वस्तू असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो.” ते मी तिच्याकडून लिहून घेतलंय, सहीनिशी. छापील आधार हवा होता ना, आता तुम्हीच छापा.

एवढं मात्र मान्य आहे. कोशात ‘काटसुरी’ हा शब्द आला, सुरीच्या पोटात का होईना. माझा राग गेलेला नाही. कमी झालाय, पण ते तुम्हाला सांगायची मला घाई नाही.

खाली ह्यांनी चार ओळी लिहिल्यात. मी त्या वाचल्या नाहीत, असं लिहायला त्यांनी मला सांगितलंय.

भावजय

तायडे,

हिच्याकडे फार लक्ष देऊ नकोस, रागात असली की ही फार छान लिहिते. त्या दिवशी तू काय बोललीस ते मी हिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दुपारी काटसुरी खिशातून काढली. सगळे बघत होते. मग एकाने विचारलं, कुठे मिळते? मग एकाने मागितली आणि स्वतःचं बोट कापून घेतलं. आता कुणी बघत नाही. बुधवारी दुपारी ये, आमच्या ऑफिससमोर खानावळ आहे, मी बाहेरच उभा राहीन. शेजारी बस. समोर बसलीस तर तू माझ्या ताटाकडे बघत बसशील आणि तुझं जेवण गार होईल.

बाळ्या